बाराच्या ठोक्याला बोलणारा माणूस

नभोवाणीवर बोलणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही आणि ऐकणाऱ्याला बोलणारा दिसत नाही. तरीसुद्धा रोज ठरलेल्या वेळेला एकच आवाज कानावर येऊ लागला, की थोड्याच दिवसांत तो घरचा होऊन बसतो. गोठ्यात धार काढताना, शिवणयंत्रापाशी बसून, पिठाच्या गिरणीत आपला नंबर लागायची वाट पाहत ज्यांनी रेडिओ ऐकला आहे, त्यांना हे मी सांगायला नको. त्या आवाजाने काही सांगितले की ते शेजाऱ्याने सांगितल्यासारखे वाटते; आणि शेजाऱ्याच्या बोलण्याला आपण सहसा पुरावा मागत नाही.

आज ज्या गृहस्थाची हकीकत तुम्हाला सांगणार आहे, त्याने एवढ्या एका गोष्टीच्या बळावर तीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेचे राजकारण हलवले. तो कधी निवडणुकीला उभा राहिला नाही. मंत्री झाला नाही, राज्यपाल झाला नाही. त्याच्याजवळ एक खोली होती, एक टेलिफोन होता आणि एक मायक्रोफोन होता. त्याचे नाव रश लिंबॉ. कोट्यवधी लोकांनी त्याला डोक्यावर घेतले आणि तितक्याच लोकांना त्याचे नाव काढले तरी संताप येई. मी त्याचे गोडवे गायला बसलेलो नाही. पण नुसती निंदा करूनही आपल्या हाती काही लागणार नाही. असा माणूस निपजतो कसा, आणि त्याला ऐकणारे एवढे का मिळतात, हे पाहायचे आहे.

लिंबॉचा जन्म १२ जानेवारी १९५१ रोजी मिसूरी राज्यातल्या केप जिरार्डो या गावी झाला. गुरुजींनी वर्गातला अमेरिकेचा नकाशा काढला, तर मधोमध उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत गेलेली मिसिसिपी नदी दिसेल. तिच्याच काठावर हे गाव आहे. घराणे वकिलांचे. आजोबा नामांकित वकील. १०४ वर्षे जगले, आणि गावातल्या न्यायालयाच्या इमारतीला आज त्यांचे नाव आहे. चुलता न्यायाधीश. वडीलही वकील, दुसऱ्या महायुद्धात ते लढाऊ विमानाचे वैमानिक होते आणि चीन, ब्रह्मदेश व हिंदुस्थान या आपल्याच बाजूच्या आघाडीवर त्यांनी काम केले होते. मोठे करारी, जेवणाच्या टेबलावर राजकारण घालणारे, साम्यवादाचे कट्टर वैरी. लिंबॉ पुढे जन्मभर जे बोलला, त्यातले पुष्कळसे या जेवणाच्या टेबलावरचे होते.

अशा घरातल्या मुलाने वकील व्हायचे, हे ठरलेलेच. पण या पोराचे लक्ष शाळेत कधी लागलेच नाही. रेडिओवर सकाळी बोलणारा माणूस खुशीत असतो आणि आपल्याला मात्र शाळेत जावे लागते, याचाच त्याला हेवा वाटे. सोळाव्या वर्षी, १९६७ साली, तो गावच्या रेडिओ केंद्रावर तबकड्या लावू लागला. त्या केंद्रात वडिलांची भागीदारी होती, हेही सांगून टाकायला हवे. नंतर वडिलांच्या आग्रहाखातर तो कॉलेजात गेला आणि वर्षभरात बाहेर पडला. सगळ्याच विषयांत नापास झाला, अगदी नाचाच्या वर्गातसुद्धा, असे त्याची आईच सांगायची.

यानंतरची बारा-तेरा वर्षे म्हणजे नुसती फरफट. पिट्सबर्गजवळच्या एका केंद्रात नाव बदलून ‘जेफ ख्रिस्टी’ या नावाने गाणी लावली, तिथून काढून टाकले. दुसऱ्या केंद्रात गेला, तिथूनही काढले. मग कॅन्सस सिटी. अखेर १९७९ साली त्याने रेडिओचा नाद सोडला आणि तिथल्या ‘रॉयल्स’ या बेसबॉल संघाच्या कचेरीत नोकरी धरली. तिकिटे खपवायची, सामन्याच्या दिवशी गंमतीजमती घडवून आणायच्या, असले काम. पगार बेताचा. वकिलाच्या घरचा थोरला मुलगा तिशीला आला तरी मार्गाला लागत नाही, हे घरच्यांना किती सलत असेल, ते आपल्याकडच्या आईबापांना निराळे समजवायला नको. १९८३ साली तो पुन्हा रेडिओवर आला, या वेळी बातम्यांवर मत सांगणारा म्हणून. वर्षभरात तिथूनही नारळ मिळाला. कारण एकच. याचे बोलणे फार झोंबते, उगाच वाद ओढवतो, असे मालकांना वाटे.

आता इथे लिंबॉला जरा बाजूला ठेवतो, कारण एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचे नीट कळायचे नाही.

आपल्याकडे १९३० साली ध्वनिक्षेपण सरकारच्या हाती आले आणि पहिले खाजगी एफ. एम. केंद्र सुरू व्हायला २००१ साल उजाडले. अमेरिकेत तसे नाही. तिथे १९२० पासून रेडिओ केंद्रे व्यापाऱ्यांची. जाहिरातीच्या पैशावर चालणारी. सरकार फक्त परवाना देते. अशा मोकळ्या रानात एखादा भारी आवाज काय करू शकतो, हे अमेरिकेने १९३०च्या दशकात पाहिले होते. डेट्रॉइटजवळच्या रॉयल ओक गावचा चार्ल्स कॉफलिन नावाचा एक कॅथलिक धर्मगुरू १९२६ पासून रेडिओवर बोलू लागला. पुढे मंदी आली, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, बँका बुडाल्या, आणि हा धर्मगुरू त्यांच्या दुःखाला वाचा फोडू लागला. आरंभी तो राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या बाजूचा होता, मग त्यांच्यावर उलटला, आणि १९३८ च्या सुमारास उघडउघड ज्यूंविरुद्ध विष ओकू लागला. १९४० साली त्याचा आवाज रेडिओवरून बंद झाला. तोवर कोट्यवधी माणसे दर रविवारी त्याला ऐकत आली होती.

असे अनुभव गाठीला असताना परवाने देणाऱ्या आयोगाने १९४९ साली एक नियम पक्का केला. त्याला आपण ‘न्याय्य बाजूचा नियम’ म्हणू. लहरी थोड्या आहेत, केंद्र काढू म्हणणारे पुष्कळ आहेत; तेव्हा ज्याला परवाना मिळाला, त्याने सार्वजनिक प्रश्नांची चर्चा केली पाहिजे आणि ती करताना विरुद्ध बाजूलाही वाजवी संधी दिली पाहिजे, असा त्याचा आशय. १९६४ साली पेनसिल्व्हेनियातल्या रेड लायन नावाच्या लहानशा गावातल्या केंद्रावरून बिली जेम्स हार्गिस या उपदेशकाने फ्रेड कुक या लेखकावर जाहीर आरोप केले. कुक म्हणाला, मला उत्तर द्यायला वेळ द्या. केंद्र म्हणाले, पैसे भरा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९६९ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो कुकच्या बाजूने. लहरींच्या बाबतीत बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा हक्क वरचढ आहे, हे तत्त्व न्यायालयाने सांगितले. गावातल्या एका केंद्राचे भांडण, पण केवढी मोठी गोष्ट त्यातून निघाली पाहा!

या नियमाचा दुसरा परिणामही प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. वाद नको, उत्तरासाठी फुकट वेळ देण्याची कटकट नको, म्हणून पुष्कळ केंद्रांनी वादाचे विषयच टाळले. सगळे कसे गुळमुळीत. लिंबॉसारख्याला कोणी ठेवून घेत नव्हते, त्याला हेही एक कारण. रेगन यांच्या कारकिर्दीत आयोगाचा सूर बदलला. आता केंद्रे पुष्कळ झाली, टेलिव्हिजन आले, मग हा बांध कशाला, असे तो म्हणू लागला. नियम कायद्यात पक्का करण्याचे विधेयक काँग्रेसने मंजूर केले. जून १९८७ मध्ये रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला, आणि ऑगस्ट १९८७ मध्ये आयोगाने नियम उठवला.

तेवढ्यात तिकडे यंत्रांच्या जगातही उलथापालथ झाली होती. तुमच्या रेडिओवर मीडियम वेव्ह असते आणि एफ. एम. असते. मीडियम वेव्हचा आवाज दूर जातो, पण वीज चमकली की खरखरतो. एफ. एम. जवळचा, पण स्वच्छ. अमेरिकेत गाणी ऐकणारे हळूहळू एफ. एम.कडे वळले, आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्या बाजूचे श्रोते जास्त झाले. जुन्या केंद्रांपुढे प्रश्न पडला, की आता लावायचे काय? खरखरीत गाणे नकोसे होते, पण बोलणे चालते. उपग्रहामुळे एका ठिकाणचा कार्यक्रम देशभर पोचवणे स्वस्त झाले होते. आणि ऐकणाऱ्याच्या खिशाला चाट न पडता दूरवरून फोन लावता येईल, अशी सोयही झाली होती.

रान तयार होते. पेरणारा हवा होता.

लिंबॉ तेव्हा कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहरी होता. १९८४ साली त्याला तिथे काम मिळाले. आधीच्या निवेदकाला एका अभद्र विनोदापायी जावे लागले होते. त्याच्या जागी हा आला. इथे प्रथमच मालकांनी त्याला मोकळे सोडले. तू जे मानतोस तेच बोल, एवढीच त्यांची अट. आणि इतकी वर्षे जिथेतिथे नडलेली त्याची जीभ इथे फळाला आली. श्रोते वाढत गेले. एका मोठ्या रेडिओ कंपनीचे पूर्वीचे अध्यक्ष एड मॅक्लॉफ्लिन यांनी त्याला ऐकले, न्यूयॉर्कला आणले, आणि १ ऑगस्ट १९८८ रोजी त्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. पहिल्या दिवशी ५६ केंद्रे होती.

व्यवहार कसा होता तेही सांगतो, कारण पुष्कळ खुबी त्यातच आहे. कार्यक्रम केंद्राला रोख किंमत न घेता द्यायचा. बदल्यात केंद्राने आपल्या जाहिरातींच्या वेळेतली काही मिनिटे द्यायची, आणि ती मिनिटे लिंबॉच्या लोकांनी देशभरच्या व्यापाऱ्यांना विकायची. बुडू घातलेल्या केंद्राला आणखी काय हवे? घरचा निवेदक ठेवायचा तर पगार द्यावा लागतो; हा तर फुकटात येतो आणि वर श्रोते आणतो. काही वर्षांत केंद्रांची संख्या सहाशेच्या वर गेली आणि आठवड्याला दोन कोटींच्या आसपास लोक त्याला ऐकतात, असा अंदाज सांगितला जाऊ लागला.

आता तुम्ही विचाराल, हा बोलत होता तरी काय? अमेरिकेत ज्याला परंपरावादी पक्ष म्हणतात, त्याची भूमिका थोडक्यात अशी: सरकारने कमी कारभार करावा, कर कमी घ्यावेत, लष्कर बळकट असावे, धर्म आणि कुटुंब यांची जुनी घडी मोडू नये. ही मते नवी नव्हती. ती सांगणारे पुष्कळ होते, पण बहुतेक रुक्ष. लिंबॉने ती मते तमाशातल्या सोंगाड्यासारखी हजरजबाबीपणाने आणली. नकला, विडंबनगीते, टोपणनावे, कागद मायक्रोफोनपुढे फडफडवणे, मुद्दाम घेतलेला लांब श्वास. आपली बुद्धी म्हणजे देवाने उसनवार दिलेली चीज आहे, अशा बढाया तो मारी, आणि ही बढाई आहे हे ऐकणाऱ्याला कळते आहे, हेही त्याला ठाऊक असे. रोज तीन तास. पाहुणे जवळजवळ नाहीतच. फोन येत, पण मोजके. आणि कोणता घ्यायचा ते आधी बाहेरच्या खोलीत ठरे. बाकी सगळा वेळ हा एकटा. गंमत म्हणजे कार्यक्रमाच्या सुरुवातीची धून ज्या गाण्यातली होती, त्या गायिकेची मते नेमकी उलटी. तिने धून वापरू दिली आणि तिचे पैसे प्राण्यांसाठी झटणाऱ्या संस्थेला देऊन टाकले.

लोकांना तो का आवडला? याचे उत्तर नुसत्या नकलांत नाही. ट्रक चालवणारा, शेतावर यंत्र हाकणारा, लहान दुकान चालवणारा असा जो मधल्या मुलखातला माणूस, त्याला वाटे की न्यूयॉर्क-वॉशिंग्टनची वर्तमानपत्रे आणि टेलिव्हिजनवाले आपल्याला गावंढळ समजतात, आपल्या देवधर्माला हसतात. दुपारी बारा वाजता त्याच्याच तोंडचे शब्द कोणीतरी खणखणीतपणे बोलू लागला. मी एकटा नाही, असे त्याला वाटले. फोन करणारा नुसते ‘डिटो’ म्हणे, म्हणजे मागच्याने केली तीच स्तुती माझीही समजा, वेळ दवडू नका. त्यावरून या भक्तांना ‘डिटोहेड’ असेच नाव पडले. काही खानावळींनी दुपारच्या वेळी निराळी खोली राखली. तिथे रेडिओ लावलेला असे आणि माणसे जेवता जेवता सगळी मिळून ऐकत. चावडीवर रेडिओभोवती जमलेली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांच्या डोळ्यांपुढे ते चित्र लगेच उभे राहील. मे १९९३ मधली एक हकीकत तर मजेदार आहे. एका श्रोत्याने फोनवर रडगाणे गायले, की तुमच्या मासिक पत्राची वर्गणी भरायला मजजवळ पैसे नाहीत. लिंबॉ म्हणाला, फुकट मिळायचे नाही, घरी केलेले पदार्थ वीक आणि पैसे उभे कर! त्या एका वाक्यावरून कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावी हजारो माणसांची जत्रा भरली, आणि लिंबॉ स्वतः तिथे हजर झाला.

हसणे खरे, पण ते हसणे कोणावर होते तेही पाहिले पाहिजे. आरंभीच्या दिवसांत एड्‌स झालेल्या समलिंगी लोकांची टवाळी तो गाणी लावून करी. माणसे मरत होती आणि रेडिओवर गाणे वाजत होते. याचा आपल्याला फार पश्चात्ताप होतो, असे तो पुढे म्हणाला. स्त्रियांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या बायकांना तो ज्या नावाने संबोधी, त्यात हिटलरच्या पक्षाचे नाव गुंफलेले असे. काळ्या लोकांविषयी तो जे बोले, त्यातले पुष्कळसे आज कागदावर वाचवत नाही. कोणी टोकले, की तो म्हणे, मी तर करमणूक करणारा माणूस! आणि राजकीय पुढारी मान देऊ लागले, की तो मान मात्र पुढाऱ्याच्या ऐटीत घेई. सोंगाड्याला सभेत कोणी जाब विचारत नाही, आणि पुढाऱ्याच्या शब्दाला वजन असते. या दोन्ही सवलती एकाच वेळी घेणे, ही माझ्या मते त्याची सर्वांत मोठी हुशारी आणि सर्वांत मोठी लबाडी.

मान मिळाला तो थोडाथोडका नव्हे. १९९२ साली राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी त्याला व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला बोलावले. त्याची दोन पुस्तके, एक १९९२ आणि दुसरे १९९३ सालचे, लाखांनी खपली. १९९४ च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ५४ जागा अधिक मिळवल्या आणि चाळीस वर्षांनी तिथे बहुमत गाठले. नव्याने निवडून आलेल्या त्या पक्षाच्या सभासदांनी लिंबॉचा सत्कार केला आणि आपला मानद सभासद म्हणून त्याला मिरवले. ज्या पोराला ठिकठिकाणांहून हाकलले, त्याचा हा दिवस!

त्याच वर्षी जून महिन्यात घडलेला एक प्रसंग मला त्या सत्कारापेक्षा अधिक बोलका वाटतो. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आपल्या विमानातून सेंट लुईसच्या एका रेडिओ केंद्राशी बोलत होते. सेंट लुईस म्हणजे लिंबॉच्याच मिसूरी राज्यातले शहर. बोलता बोलता क्लिंटन चिडले आणि म्हणाले, माझे बोलणे संपले की याच केंद्रावरून रश लिंबॉ तीन तास हवे ते बोलेल. मला उत्तर द्यायची सोय नाही, आणि खरेखोटे दाखवणारे यंत्रही तिथे नाही. जगातला सर्वांत बलवान म्हणवणारा राज्यकर्ता एका निवेदकाविषयी तक्रार करतो, की त्याला उत्तर देता येत नाही! रेड लायनच्या खटल्यात कुकने जे मागितले, तेच पंचवीस वर्षांनी राष्ट्राध्यक्ष मागत होते, आणि तोवर नियम उठला होता. लिंबॉने काय केले असेल? दुसरा असता तर सफाई देत बसला असता. त्याने ते शब्दच उचलले आणि स्वतःला अमेरिकेचे खरेखोटे दाखवणारे यंत्र म्हणवून घ्यायला सुरुवात केली.

१९९६ च्या कायद्याने एका मालकाने किती केंद्रे ठेवावीत यावरची देशव्यापी मर्यादा उठली. आधी ती चाळीसच्या आसपास होती; काही वर्षांत एकाच कंपनीच्या हाती बाराशेंहून अधिक केंद्रे आली. लिंबॉचा कार्यक्रम त्याच कंपनीकडे गेला. गावोगावचे निवेदक गेले, आणि न्यूयॉर्क किंवा फ्लोरिडातला एक आवाज शेकडो गावांत एकाच वेळी बोलू लागला. त्याच्यामागून त्याची नक्कल करणारे पुष्कळ निघाले. डाव्या विचाराच्या लोकांनीही असला खटाटोप करून पाहिला, पण त्यांना तो फारसा जमला नाही.

यानंतर त्याच्या आयुष्यात जे घडले, ते एखाद्या कादंबरीकाराने लिहिले असते तर लोक म्हणाले असते, की फारच जुळवून आणले आहे. ऑक्टोबर २००१ मध्ये त्याने सांगितले, की आपल्याला जवळजवळ ऐकू येईनासे झाले आहे. ज्याचा धंदाच कानाचा, तो बहिरा झाला. तरी त्याने कार्यक्रम थांबवला नाही. फोनवरचा माणूस काय बोलतो ते एक मदतनीस भराभर टाइप करी आणि लिंबॉ पडद्यावर वाचून उत्तर देई. ऐकणाऱ्याला शंकाही येऊ नये, इतक्या सफाईने. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया करून कानाच्या आत विजेवर चालणारे यंत्र बसवले, आणि त्याला थोडे ऐकू येऊ लागले. या त्याच्या जिद्दीला दाद दिलीच पाहिजे.

दोन वर्षांनी, १० ऑक्टोबर २००३ रोजी, त्याने दुसरी कबुली दिली. पाठीच्या दुखण्यासाठी सुरू केलेल्या वेदनाशामक गोळ्यांचे आपल्याला व्यसन लागले आहे, असे तो म्हणाला आणि उपचाराला निघून गेला. हाच माणूस आठ वर्षांपूर्वी म्हणाला होता, की अमली पदार्थ घेणाऱ्यांना पकडून शिक्षा करून तुरुंगात धाडले पाहिजे. पुढे त्याच्यावर चौकशी झाली. सरकारी वकिलांनी त्याची वैद्यकीय कागदपत्रे जप्त केली, तेव्हा माणसाच्या खाजगी गोष्टी सरकारने अशा उघड्या करू नयेत म्हणून त्याच्या बाजूने कोर्टात कोण उभे राहिले? नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी तीच संस्था, जिची त्याने वर्षानुवर्षे चेष्टा केली होती. २००६ साली उपचार चालू ठेवण्याच्या अटीवर तडजोड झाली आणि चौकशीच्या खर्चापोटी त्याने ३० हजार डॉलर भरले.

श्रोते हलले नाहीत. घरच्या माणसाचे चुकले तर आपण त्याला टाकतो का? २००८ साली त्याने चाळीस कोटी डॉलरचा, आठ वर्षांचा करार केला. पुढच्या वर्षी, ओबामा गादीवर येत असताना, हा राष्ट्राध्यक्ष अपयशी ठरो, असे त्याने जाहीरपणे म्हटले. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष मायकेल स्टील म्हणाले, की लिंबॉचे बोलणे भडक आणि ओंगळ आहे. लगोलग त्यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. पक्षाच्या अध्यक्षाने रेडिओच्या निवेदकाची माफी मागायची! खरा धनी कोण, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसले. २०१२ साली मात्र त्याला माफी मागावी लागली. काँग्रेसच्या सभासदांपुढे साक्ष दिलेल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीला त्याने रेडिओवरून वेश्येसारखे शब्द वापरले. त्या वेळी व्यापाऱ्यांनी भराभर जाहिराती काढून घेतल्या.

लिंबॉ चिरुटाचा शौकीन होता, आणि तंबाखूच्या धोक्याविषयी जे सांगतात त्याची तो थट्टा करी. ३ फेब्रुवारी २०२० रोजी त्याने श्रोत्यांना सांगितले, की आपल्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला आहे आणि तो पुढच्या टप्प्यावर आहे. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काँग्रेसच्या भर सभेत त्याला देशातले सर्वोच्च नागरी पदक दिले. सभागृहाची एक बाजू उभी राहून टाळ्या वाजवीत होती, दुसरी हात बांधून बसली होती. त्याच महिन्यात, २४ तारखेला, नव्याने आलेला कोरोना म्हणजे नेहमीच्या सर्दीसारखा आहे, असे त्याने रेडिओवरून सांगितले. पुढच्या वर्षभरात अमेरिकेत लाखो माणसे त्या रोगाने मेली. त्यांतल्या किती जणांनी त्याच्या शब्दावर विसंबून हयगय केली, हे मोजायचे कोणते यंत्र आहे?

वर्षभर तो दुखणे अंगावर घेऊन येत राहिला. शेवटचा कार्यक्रम २ फेब्रुवारी २०२१ रोजी झाला. १७ फेब्रुवारीला दुपारी बाराला नेहमीची धून वाजली, पण तिच्यानंतर आवाज आला तो त्याच्या पत्नीचा. मी तुम्हाला हवी असलेली व्यक्ती नाही, अशा अर्थाचे बोलून तिने त्याच्या मरणाची बातमी दिली. वय सत्तर.

कार्यक्रम त्याच दिवशी थांबला नाही. कंपनीने जुन्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे काढले, ते त्या त्या दिवसाच्या बातमीशी जुळवले, आणि पाहुण्या निवेदकांच्या बोलण्यात पेरले. असे चार महिने चालले. मेलेला माणूस रोज दुपारी ताज्या घडामोडींवर बोलत होता. २१ जून २०२१ पासून त्या वेळेला क्ले ट्रॅव्हिस आणि बक सेक्स्टन हे दोघे बोलू लागले. केंद्रे बहुतेक तीच राहिली, वेळ तीच राहिली, आणि फोनचा क्रमांकही जुनाच ठेवला.